केळीची खालची पानं कडेनं पिवळी पडून मोडून रायली, रिपोर्टमध्ये पोटॅश तर "अत्यंत जास्त" आहे, मग कमी काय आहे?

काटोलचा_संत्रावाला

नमस्कार मंडळी. मी मूळचा संत्र्याचा माणूस, केळीत एकदम नवीन, पहिलाच प्लॉट आहे. काटोलपासून ८ किलोमीटरवर वावर आहे, ३ एकर संत्रा अन् त्याच्याच बाजूला यंदा १ एकर केळी लावली. जी-नाईन जातीची टिश्यू कल्चर रोपं, ६ बाय ५ फुटावर, १४५० झाडं. लागवड ५ जुलैची, म्हणजे आज १६८ दिवस झाले. ड्रिप आहे, जमीन काळी भारी.

खत काय काय दिलं ते सांगतो. लागवडीच्या आधी शेणखत २ ट्रॉल्या, डीएपी ३ बॅगा, मग युरिया आतापर्यंत ८ बॅगा, चार हप्त्यात ड्रिपरखाली हातानं टाकला. पोटॅश एक दाणाही नाही दिला, कारण माती तपासली होती मे महिन्यात, रिपोर्ट खाली टाइप करतो:

सामू (पीएच) ८.२, क्षारता ०.३२, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, नत्र १८८ (कमी), स्फुरद (फॉस्फरस) १४, पालाश म्हणजे पोटॅश ४१० (अत्यंत जास्त), मुक्त चुना ९ टक्के.

आता पालाश अत्यंत जास्त लिहून असताना मी कायले पैसे घालू, पोटॅशची बॅग काय भावानं मिळते सगळ्यांना माहीत आहे. पण मागच्या पंधरा-वीस दिवसांपासून खालची पानं पिवळी पडून रायली. पूर्ण पान नाही, आधी कड. मग ती कड वाळते, तपकिरी होते अन् पान मधातून मोडून खोडावर लोंबते. वरची पानं हिरवी आहेत. कृषी केंद्रावर फोटो दाखवला तर त्यानं १८०० रुपयाचं टॉनिक हातात दिलं, दोन फवारे झाले, काही फरक नाही. थंडीनं होऊन रायलं का? सकाळी वावरात हात पाय गार पडतात सध्या. कोणाला अनुभव असंल तर सांगा, घरचे म्हणून रायले का संत्रा सोडून हा उद्योग कोणी सांगितला होता.

फवारा_हिंगणा

भाऊ क्लिअर फेरसची कमी आहे. सामू ८.२ अन् चुना ९ टक्के, आपल्या इकडच्या सगळ्या जमिनीचं हेच रडगाणं आहे, संत्र्यालाही तेच होते तुम्हाला माहीतच असंल. चिलेटेड फेरस ड्रिपमधून सोडा, आठ दिवसात हिरवं होते.

सेलूची_काकू

अरे फवारेवाल्या भाऊ, थांब जरा. त्यानं लिहिलं ना खालची पानं पिवळी अन् वरची हिरवी. फेरस कमी पडलं तर उलटं होते, नवीन कोवळं पान पिवळं-पांढरं पडते, शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात अन् जुनी पानं मात्र ठणठणीत. लोखंड झाडाच्या आत इकडून तिकडं सरकत नाही, म्हणून कमी पडलं का कोवळ्यालेच पहिले मार बसतो. नत्र, पालाश, मॅग्नेशियम हे सरकणारे आहेत, झाड जुन्या पानातून काढते अन् नव्याले देते, म्हणून जुनी पानं आधी जातात. कोणतं पान पिवळं आहे एवढं पाह्यलं तरी अर्धे नावं तिथंच खोडले जातात, त्याच्यासाठी टॉनिकवाल्याकडं जायची गरज नाही.

काटोलच्या दादा, मी काही शिकलेली नाही पण माझं माहेर सेलूचं, वर्धा जिल्ह्यातलं. आमच्या बाबांच्या काळात सेलू-पवनारच्या पट्ट्यात केळीचे मळे होते, मी त्याच्यातच खेळलेली. म्हणून विचारते, तीन गोष्टी वावरात जाऊन पाहून सांग.

पहिली, पिवळेपणा नेमका कुठून सुरू होते. टोकाकडून अन् कडेनं आत येते का? का कड हिरवी राहून कड अन् मधली शीर याच्या मधात पट्टा पिवळा पडते? दुसरं असंल तर मॅग्नेशियमकडं पाहा लागते, त्यात देठावर जांभळे डाग पण पडतात.

दुसरी, पानावर लांबुळके ठिपके आहेत का, मधात राखी अन् भोवती पिवळं कडं? तसं असंल तर तो करपा आहे, खताचा विषयच नाही.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. एक झाड, जास्त खराब झालेलं, बुडापासून कापून खोड उभं चीर, कंद पण काढून आडवा काप. आत लालसर-तपकिरी दोरे, रेघा, ठिपके दिसले तर तो मर रोग आहे बाप्पा. त्याच्यातही जुनी पानं कडेनंच पिवळी पडतात अन् देठातून मोडून घागऱ्यासारखी खोडाभोवती लोंबतात, लांबून पाहिलं तर पोटॅशच्या कमीसारखंच दिसते. बिहार-उत्तर प्रदेशात जी-नाईनवरही मर येऊन रायली आहे, म्हणून हे पाहिल्याशिवाय खताच्या बॅगेले हात लावू नको. एका झाडाचं दुःख करू नको, चीर.

काटोलचा_संत्रावाला

काकू, आजच गेलो सकाळी. कोयता घेऊन उभा होतो तर बायको म्हणे पाच महिन्याचं झाड कापता, लाज नाही वाटत का. शेवटी कापलंच एक, रांगेच्या टोकाचं.

खोड चिरलं तर आतून पांढरं शुभ्र, पाणी टपटप गळत होतं, हात चिकट झाले. एकही लाल-तपकिरी रेघ नाही. कंद आडवा कापला, तोही पांढरा, भोक-बिक नाही, अळी नाही, वास पण नाही. मुळ्या पांढऱ्या आहेत पण थोड्याच, अन् काकू एक सांगायचं म्हणजे कंदाच्या खालची माती एकदम कोरडी निघाली, ढेकूळ. वर थोडी ओल होती. हे मले तिथंच खटकलं.

पानाचं म्हणाल तर टोकाकडून सुरू होते, नारिंगी-पिवळं, मग कडेकडेनं देठाकडं येते. मधली शीर अन् तिच्या बाजूचं बराच वेळ हिरवंच राहते. वाळलेली कड आतल्या बाजूनं गोल वळते. अन् मोडते ते टोकाकडून तिसऱ्या हिश्शात, मधली शीरच टुटते, पान खाली तोंड करून लटकते. देठावर जांभळं काही नाही. ठिपके नाहीत. एका झाडावर सध्या ९-१० पानं आहेत त्यातली खालची ३-४ अशी.

महाराजबाग_थर्डइयर

काकूंनी जे विचारायला लावलं त्यातच उत्तर आलं, हे पोटॅशच आहे. टोक आणि कडेपासून नारिंगी-पिवळं, कड आत वळणं आणि शीर मोडून पान लटकणं, केळीतलं पालाश कमतरतेचं हे अगदी पुस्तकातलं वर्णन आहे.

दादा, आता तुमच्या रिपोर्टचं. रागावू नका, पण तुम्ही तो एकरचा समजून वाचलात का? मातीच्या रिपोर्टमध्ये आकडे किलो प्रति हेक्टर असतात. ४१० म्हणजे हेक्टरी ४१०, तुमच्या एकराला आले १६४ किलो. मी इथे नागपूरला अ‍ॅग्री कॉलेजला आहे, आमच्या वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची आहेत आणि त्यांच्या घरीही रिपोर्ट असाच वाचतात, त्यामुळे तुमची एकट्याची चूक नाही.

आता केळीची भूक बघा. हेक्टरी ५० टन माल काढायचा तर पीक साधारण ३२० किलो नत्र आणि ९२५ किलोच्या आसपास पालाश उचलतं, स्फुरद त्या मानाने अगदीच थोडं. म्हणजे नत्राच्या जवळपास तिप्पट पालाश. तुम्ही एकरी २० टन धरले तर पालाश झालं ३७० किलो. त्यातलं बरंच खोड-पानात राहतं आणि नंतर जमिनीला परत जातं हे खरं, पण झाडाला उभं राहताना ते लागतंच ना. १६४ वर ३७० ची पंगत कशी उठणार. आणि रिपोर्टमध्ये "अत्यंत जास्त" लिहिलंय ते सगळ्या पिकांसाठी एकच मोजमाप आहे, ३६० च्या वर गेलं की शिक्का बसतो. कपाशी-तुरीला ते जास्त असेलही, केळी वेगळी जात आहे, खादाड.

दुसरं म्हणजे आपल्या काळ्या मातीत पालाश असतं खूप, पण चिकणमातीच्या थरांत अडकलेलं असतं आणि हळूहळू सुटतं. त्यात तुमच्याकडे चुना ९ टक्के, म्हणजे कॅल्शियमची गर्दी, ती मुळापाशी पालाशला आत जाऊ देत नाही. शिवाय पालाश मुळापर्यंत ओलीतून सरकत जातं. तुम्ही म्हणताय कंदाखाली माती कोरडी, तर मग जे आहे तेही मिळत नाहीये. ड्रिप किती वेळ चालवता ते सांगा.

थंडीचा प्रश्न विचारला होतात. रात्रीचं तापमान १० च्या खाली-वर गेलं की केळीची वाढ मंदावते, मुळंही आळसावतात, नवीन पान निघायला वेळ लागतो. म्हणजे थंडीने लक्षण वाढलं असेल, पण मूळ कारण थंडी नाही. नुसती थंडी असती तर सगळ्या झाडावर मरगळ दिसली असती, कडेनेच शिस्तीत पिवळं पडलं नसतं.

फवारा_हिंगणा

बरोबर आहे, मी घाई केली. वरची पानं हिरवी हे वाचलंच नाही नीट. माघार.

खान्देशी_मुक्काम_नागपूर

मी जळगावकडचा, १४ वर्षं झाली नागपुरात नोकरीला आहे पण घरी भाऊ अजून केळीच करतो, दर सुटीला जाऊन ड्रम मीच ढवळतो. थर्डइयर भाऊंनी का झालं ते सांगितलं, मी आता काय करायचं ते सांगतो.

आमच्याकडे झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, २०० ग्रॅम पालाश हा जुना हिशोब आहे. बॅगेच्या भाषेत एका झाडाला ४३५ ग्रॅम युरिया, २५० ग्रॅम सुपर फॉस्फेट, ३३३ ग्रॅम एमओपी, म्हणजे बॅगेतला पोटॅश. तुमच्या १४५० झाडांना लावा, युरिया ६३० किलो म्हणजे ४५ किलोच्या १४ बॅगा आणि एमओपी ४८३ किलो म्हणजे ५० किलोच्या पावणेदहा बॅगा. तुम्ही दिल्या शून्य.

हाताने द्यायचं झालं तर हप्ते असे, ३० दिवसांच्या आत युरिया ८२ ग्रॅम, सगळं सुपर आणि एमओपी ८३. मग ७५ आणि १२० दिवसाला नुसता युरिया ८२-८२. १६५ व्या दिवशी युरिया ८२ आणि एमओपी ८३. पुढे २१० ला युरिया ३६, २५५ ला युरिया ३६ एमओपी ८३, ३०० ला परत तेच. आता तुमचं बघा, युरिया ८ बॅगा म्हणजे ३६० किलो, झाडाला २४८ ग्रॅम, आणि १२० दिवसांपर्यंत ८२ चे तीन हप्ते म्हणजे २४६. युरियाचा हिशोब तुमचा गावातल्या वाण्यापेक्षा पक्का निघाला! डीएपी ३ बॅगांत स्फुरदही भागलं. चुकला फक्त पोटॅश, आणि नत्र भरपूर पालाश शून्य असं झालं की झाड दिसायला गुबगुबीत पण आतून पोकळ, निसवल्यावर, म्हणजे घड बाहेर पडल्यावर, त्याच्या वजनाने लचकतं, केळी बारीक राहतात, पिकल्यावर चवीलाही फिकी.

पण तुमच्याकडे ड्रिप असून तुम्ही हाताने का टाकता हे मला कळलं नाही. ड्रिपने दर आठवड्याला दिलं तर पाऊण खतात भागतं. हजार झाडांना आठवड्याचा हिशोब, पहिले १६ आठवडे युरिया साडेचार किलो, १२:६१:०० (नत्र-स्फुरदाचं विरघळणारं खत) साडेसहा किलो, एमओपी ३ किलो. १७ ते २८ आठवडे युरिया तेरा-साडेतेरा, एमओपी साडेआठ. २९ ते ४० युरिया साडेपाच, एमओपी ७. शेवटचे चार आठवडे नुसता एमओपी ५ किलो. तुमचा आता २४ वा आठवडा चालू आहे म्हणजे १४५० झाडांना आठवड्याला १२ किलो एमओपी हवाच. मागची उधारी फेडायला मी पुढचे ८ आठवडे २० ते २२ किलो देईन, दोन पाळ्यांत, सोमवारी १० गुरुवारी १०. एकदम ५० किलो ओतू नका, मुळापाशी मीठ साचतं. युरिया जरा हात आखडून, १९ च्या ऐवजी १४-१५ किलो. गेलेलं सगळं भरून येणार नाही, पण निसवण अजून दोन-अडीच महिने लांब आहे, त्याच्या आत झाडाच्या पोटात पोटॅश गेला पाहिजे.

ड्रमचं एक सांगतो जे कोणी सांगत नाही. पोटॅश पांढरा घ्या, लाल घेतला तर त्याचा गाळ फिल्टरमध्ये आणि ड्रिपरमध्ये बसतो. २०० लिटरचा ड्रम पाण्याने भरा, आधी पोटॅश टाका, काठीने ढवळत राहा, तळाला काठी घासून कर्रकर्र आवाज येतो तोवर विरघळलेला नाही. तो आवाज बंद झाला की मग युरिया. उलटं केलं तर युरियाने पाणी बर्फासारखं गार पडतं, ड्रमला बाहेरून हात लावला तरी कळतं, आणि मग पोटॅश तळाला तसाच बसून राहतो. आणि डिसेंबरात पाणी आधीच गार, त्यामुळे दुपारी ढवळा, सकाळी सहाला नको. आधी २० मिनिटं साधं पाणी, मग खत, मग शेवटी परत १५ मिनिटं साधं पाणी.

माती_माझी_माय

सगळे रासायनिकच सांगताय. जीवामृत आणि लाकडाची राख द्या भाऊ, राखेत पोटॅशच असतो, फुकट. आमच्या आजोबांनी कुठे बॅगा आणल्या होत्या.

महाराजबाग_थर्डइयर

राखेत पोटॅश असतो, बरोबर. पण राख स्वतः अल्कधर्मी आहे, सामू ८.२ आणि चुना ९ टक्के असलेल्या जमिनीत ती टाकणं म्हणजे आधीच खारट भाजीत मीठ घालणं. आंबट लाल माती असती तर मी पण राखच सांगितली असती.

शेणखताला माझा विरोध नाही, उलट कर्ब ०.४२ आहे म्हणून ते हवंच, झाडाला १० किलोप्रमाणे. पण हिशोब करा, चांगल्या शेणखतात पालाश अर्धा टक्का धरला तर १० किलोत ५० ग्रॅम. २०० ग्रॅम नुसत्या शेणखतातून द्यायचं तर झाडाला ४० किलो, १४५० झाडांना ५८ टन. एका एकराला ५८ टन शेणखत, काटोलात एवढी जनावरं राहिलीत का? आणि आजोबांच्या काळी झाडं किती लांब असायची, घड किती किलोचा असायचा तेही बघावं लागेल.

तुमच्या बाजूची एक गोष्ट मात्र मान्य. केळीचं खोड आणि पानं बांधावर फेकू नयेत. पोटॅशचा मोठा साठा त्यातच असतो. वाळलेलं पान कापलं की तिथेच दोन ओळींमध्ये टाका.

काटोलचा_संत्रावाला

मंडळी चोर सापडला, अन् चोर घरातलाच निघाला.

थर्डइयर भाऊनं विचारलं ड्रिप किती वेळ चालते. मी गड्याले विचारलं, तो म्हणे भाऊ तुम्हीच तर सांगितलं होतं नोव्हेंबरच्या शेवटी का आता पाणी तोडा. मी सांगितलं होतं संत्र्याले! आंबिया बहाराचं फूल यावं म्हणून ताण द्यायचा असते ना, नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी बंद करतो आपण. केळी अन् संत्र्याची ती खालची बाजू एकाच सबमेन पाइपवर आहे, वॉल एकच. त्यानं वॉल पाऊण बंद करून ठेवला, केळीले थोडं थोडं जाऊन रायलं होतं म्हणून वरून ओल दिसत होती, खाली कोरडं. म्हणजे संत्र्याले पाणी येऊन ताण मोडला अन् केळीले पाणी न जाऊन ताण बसला. दोघांचंही वाटोळं एका वॉलनं. त्याले काय बोलणार, पाइपलाइन मीच टाकून घेतली होती, वॉलचे सातशे वाचवायले.

आज दुसरा वॉल बसवला अन् वाफसा येईपर्यंत पाणी देऊन रायलो. पांढरा पोटॅश काटोलात नव्हता, नागपूरवरून दोन बॅगा बोलावल्या. खान्देशी दादा तुमचा कर्रकर्र आवाज उद्या ऐकतो.

एक विचारतो, दुकानदार म्हणते १०:२६:२६ न्या, पोटॅश बी आहे अन् स्फुरद बी. घेऊ का?

खान्देशी_मुक्काम_नागपूर

नको. या टप्प्यावर स्फुरदाचं काम संपलं, ते मुळं बनताना लागतं आणि तुम्ही डीएपीतून दिलंय. आता दिलेलं स्फुरद तुमच्या चुन्यात जाऊन दगड होऊन बसेल, पैसे त्याचे जातील. शिवाय ते ड्रिपमधून जाणार नाही, परत हातानेच आलं.

संत्र्याच्या माणसाला केळीत हाच फरक जड जातो बघा, संत्र्याला रडवलं की फूल येतं, केळीला रडवलं तर ती रुसून बसते. मुळं वरच्या दीड-दोन फुटातच असतात, तिला ताण हा प्रकारच ठाऊक नाही.

आणि पुढचं आतापासून डोक्यात ठेवा. तुमचा घड मार्च-एप्रिलमध्ये निसवणार आणि मे महिन्यात भरणार. नागपूरचा मे म्हणजे ४५ अंश, ती गरम हवा पानं चिंध्या करते आणि घडाची वरची बाजू भाजते. खत कितीही द्या, निसवताना झाडावर ८ तरी धड पानं नसली तर घड भरत नाही. म्हणून एक, आता अर्धं पिवळं पान कापू नका, जेवढं हिरवं आहे तेवढं ते कमावतंय, पूर्ण वाळलेलंच काढा. दोन, पश्चिमेच्या बाजूला काही आडोसा करा. आमच्याकडे शेवरी किंवा गजराज गवत लावतात, तुमचं आता उशीर झाला, यंदा शेडनेट बांधा.

घडाला शेवटी एक घास भरवायची पद्धत पण आहे, मला ती फार आवडते. सगळ्या फण्या उघडल्या की खालचं कमळ (केळफूल) तोडायचं, आणि त्या तुटलेल्या दांड्याला प्लास्टिकची पिशवी बांधायची ज्यात अर्धा किलो ताजं शेण, साडेसात ग्रॅम युरिया, साडेसात ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश, १०० मिली पाण्यात कालवलेलं. दांडा त्या राड्यात बुडला पाहिजे. तो तिथूनच ओढून घेतो. बंगळुरूच्या फलोत्पादन संस्थेने काढलेली युक्ती आहे. मजूर नाक मुरडतात, पण घडाचं वजन वाढतं. हजार झाडांना होत नाही कोणाकडून, दोन-चार रांगांना करून बघा.

सेलूची_काकू

दादा, सूक्ष्म अन्नद्रव्याचं कोणी बोललं नाही म्हणून मी बोलते. चुना ९ टक्के आहे तर आज ना उद्या झिंक-फेरस पण कमी पडणारच, फवाऱ्या भाऊ अगदीच चूक नव्हता, थोडा लवकर बोलला एवढंच. जमिनीतून दिलं तर चुन्यात अडकते, फवारूनच दे. त्याच बंगळुरूच्या संस्थेचं अर्का बनाना स्पेशल म्हणून येते, १५ लिटरच्या पंपाले ७५ ग्रॅम, त्यात दोन लिंबांचा रस अन् एक शाम्पूची पुडी. केळीच्या पानावर मेणासारखा थर असते, पाणी घरंगळते, शाम्पूनं ते चिकटते. पानाच्या खालून पण फवार. महिन्यातून एकदा, पाचव्या महिन्यापासून, म्हणजे तुले आताच सुरू करा लागते.

अन् पोटॅश देऊन फरक पडला का नाही हे कसं समजायचं ते सांगते, नाही तर तू रोज खालची पानं पाहून रडशील. जे पान पिवळं पडलं ते परत हिरवं होत नाही, कधीच नाही. म्हणून दहा झाडं निवड, वरून पाचवं पान मोज अन् त्याच्या देठाले लाल दोरा बांध. पिवळेपणा दोऱ्याच्या वर चढला तर आपलं चुकलं, दोऱ्याच्या खालीच थांबला तर औषध लागू पडलं.

काटोलचा_संत्रावाला

आज २८ जानेवारी, लागवडीले २०७ दिवस. उशिरा लिहून रायलो माफ करा, मधात संत्र्याच्या मागं होतो, ताण मोडलेल्या त्या खालच्या ओळीत अवेळी चार-चार फुलं निघाली अन् बाकी बगीच्यात आता कुठं पाणी सोडलं. ते दुखणं वेगळं, त्याचा धागा वेगळा काढतो.

केळीचं सांगतो. पोटॅश आठवड्याले २० किलो, सोमवार-गुरुवार, पाच आठवडे झाले. कर्रकर्र आवाज बंद व्हायले थंडीत पाऊण तास लागते दादा, हाताले फोड आले. पहिल्या दोन आठवड्यात काहीच फरक नाही, उलट अजून एक-एक पान गेलं, मी तर हिंमत सोडली होती. मग नवीन पान निघालं ते रुंद निघालं. आतापर्यंत तीन नवीन पानं आली, थंडीत दहा-बारा दिवसाले एक.

दोरे बांधले होते, बायकोच्या जुन्या साडीच्या काठाचे. दहातल्या आठ झाडांवर पिवळेपणा दोऱ्याच्या खालीच थांबला. दोन झाडांवर वर चढला, ते दोन्ही रांगेच्या टोकाचे, तिथले ड्रिपर उघडून पाहिले तर बंद, चुन्यानं पांढरे झाले होते. आता अ‍ॅसिड द्यावं लागंल लॅटरलले, म्हणजे ड्रिपच्या नळ्यांले. टॉनिकची अर्धी बाटली अजून घरी आहे, कोणाले पाहिजे असंल तर घेऊन जा.

काकू, फवारणी पण केली एक. शाम्पू कोणता घ्यायचा ते तुम्ही लिहिलंच नव्हतं, पोरीनं तिचा बाथरूममधला दिला, अख्खं वावर स्ट्रॉबेरीचा वास मारत होतं दोन दिवस.

सेलूची_काकू

कोणताही दोन रुपयाची पुडी घे रे. पोरीचा महागाचा शाम्पू कायले वाया घालवतो.